कुशीवर नाव कोरलेली म्हैस

मी एक जुनी म्हैस आहे, मित्रांनो. नाव मैना. नावावर जाऊ नका, गळा माझा भसाडा आहे आणि स्वभाव त्याहून भसाडा. जात पंढरपुरी, म्हणून शिंगं लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका गोठ्यात मी राहते. आता दात झिजलेत, कडबा नीट चावत नाही. पण अजूनही कुणाच्या हातात चमकीची पुडी दिसली, की रवंथ करता करता घास घशात अडकतो माझ्या. चमकी म्हणजे ती चकचकीत पूड, तुम्ही शाळेत कागदावर चिकटवता ना, तीच. ती माझ्या अंगाला कशी लागली ते आज सांगते. ऐकताना किळस आली तर येऊ द्या. मला तर अजून येते.

माझा जन्म मुरगूडच्या बाजूचा. मी वगार होते तेव्हाच कृष्णात आणि शालूबाई या जोडप्यानं मला बाजारातून आणलं. वगार म्हणजे म्हशीची पोरगी, अजून न व्यालेली. दुभती म्हैस घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. शेजारचे आकाराम गवळी तर तोंडावर हसले होते. "आरं कृष्णात, आदी हिला खाऊ घालायचं, मग कवातरी ही दूध देनार. असला कसला रं धंदा?" कृष्णात मालकांनी माझं दावं खुंट्याला बांधलं. शालूबाई मात्र म्हणाली, "वाडवू की, आकारामदाजी. आमास्नी कुटं गाडी पकडायची हाय?" आणि तिनं मला वाढवलं. तिच्या हातची आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड, खाऊन मी अशी भरले की पुढं तेच आकारामदाजी माझ्या कासेकडं बघत उभे राहायचे.

काही वर्षांनी कृष्णात मालक आजारपणात गेले. घरात धैर्यशील आणि प्रीती ही दोन लहान पोरं आणि गोठ्यात मी. शालूबाईनं पदर खोचला. पहाटे धार, मग शेण, मग नदीकाठच्या रानात वैरण कापायची आणि संध्याकाळी गंगावेशीचा दूध कट्टा. कट्टा तुमच्यातल्या कोल्हापूरच्या मुलांना माहीत असेल, बाकीच्यांना सांगते. तिथं आम्हा म्हशींना रस्त्याकडेला उभं करतात, गिऱ्हाईक समोर येतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार थेट पेल्यात काढतात. पेल्याच्या वर फेस येतो. तालमीतले पैलवान येतात, शाळेतली पोरं येतात, घरात बाळंतीण असली तर कुणी किटली घेऊन येतं. तिथं फसवाफसवीला जागाच नाही. पाणी घालणार कधी आणि कुठून? मला ते फार आवडायचं.

शालूबाईचा एक हट्ट होता. गोठ्यात झालेली वगार विकायची नाही. शहरातल्या पुष्कळ गोठ्यांत वगारीला कुणी धड जगवत नाही, कारण ती वर्षानुवर्षं नुसती खाते आणि देत काही नाही. शालूबाई म्हणायची, "आज खातीया म्हनून काय झालं? उद्या हिच्यावरच घर हुबं ऱ्हानार हाय." माझी थोरली लेक भिंगरी, मग हरणी, मग शेंडेफळ चिमी, तिघींना तिनं स्वतःच्या पोरांबरोबर वाढवलं. दुधाचा पैसा आला की आधी पेंड, मग गोठ्याचे पत्रे, मग वैरणीचं रान. उरलं तर साडी. ते काही उरायचं नाही. त्यामुळे अंगावर एकच विटकं लुगडं आणि त्याला शेणाचा वास. या बाईनं नदीकाठचं ते रान स्वतःच्या नावावर केलंय, हे तिच्याकडं बघून कुणाला खरं वाटलं नसतं. आणि ते कुणाला वाटावं असं तिलाही कधी वाटलं नाही.

धैर्यशील तसा वाईट मुलगा नव्हता हो. लहानपणी माझ्या पाठीवर पालथा पडून झोपायचा. पण तो कॉलेजात असताना राजारामपुरीत एका नातेवाइकाचं लग्न होतं. जेवायच्या वेळी कुणीतरी नाकाला रुमाल लावला आणि म्हणालं, "ह्या दूधवाल्यांना मागल्या पंगतीला घ्या." शालूबाई मागल्या पंगतीत पोटभर जेवली, वर पान खाल्लं आणि घरी आली. धैर्यशील मात्र उपाशी उठला. माझ्या गव्हाणीशी बसून हे सगळं सांगत तो रडला. मी त्याचा हात चाटला. त्या दिवशी मला त्याची खरंच दया आली.

पण रडून झाल्यावर त्यानं काय ठरवलं, ते ऐका. त्यानं ठरवलं, आपण श्रीमंत दिसायचं. व्हायचं नाही हं! दिसायचं.

मग काय विचारता! आधी गळ्यात साखळी आली, माझ्या दाव्याएवढी जाड. वैरण टाकायला तो वाकला तेव्हा मीठ मिळेल म्हणून मी तिच्यावरून जीभ फिरवली. मीठ कसलं! कडूजहर, हिरवट चव आणि जिभेला पिवळा रंग. बेंटेक्सची होती ती! थू! दिवसभर माझ्या तोंडाची चव गेली. मग काळा चष्मा आला, तोही गोठ्यातल्या अंधारात घालायचा. मग वाढदिवसाचा फलक. चौकात टांगलेला, घराच्या भिंतीएवढा. त्यावर धैर्यशील बोट वर करून उभा, आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरेच चेहरे. त्या चेहऱ्यांपैकी एकानंही कधी आमच्या गोठ्यातली शेणाची पाटी उचललेली मी बघितली नाही. फलकाच्या शाईचा वास असा घाणेरडा, की मी म्हैस असून मला शेणाचा वास गोड वाटला.

मध्यंतरी त्याचं लग्न झालं. सून अनुजा शेतकऱ्याच्या घरातली, कामाला वाघीण. सासूला ती आत्या म्हणायची. धैर्यशीलनं कट्ट्यावर यायचं बंद केलं, तेव्हा पेले धुवायला आणि धार काढायला तीच उभी राहू लागली. हिच्या बोटांना मी पहिल्याच दिवशी पान्हा सोडला, यावरून काय ते समजा.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. दिवाळीच्या थोडं आधी चंदगडला दिलेल्या प्रीतीचे दिवस भरत आले. लेकीच्या बाळंतपणाला शालूबाई एस.टी.नं तिकडं गेली. जाताना चिमीच्या पोटावरून हात फिरवला. चिमी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच गाभण, आणि आठवा महिना लागलेला. अनुजाला म्हणाली, "हिला पळवू नगंस, घसरटीवर न्हेऊ नगंस. मी पाडव्याला येतुयाच पुजंला."

शालूबाईची एस.टी. घाट चढली असेल-नसेल, तेवढ्यात प्रदर्शनांत रेडा मिरवणारा विजयसिंह उगवला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, अंगाला अत्तराचा एवढा भपका की माश्यासुद्धा दूर झाल्या. पुढं एकदा तीच गाडी मी कट्ट्यावरून जाताना बघितली. आत दुसराच पांढऱ्या कपड्यातला माणूस तसाच ऐटीत बसला होता. भाड्याची गाडी हो! पण धैर्यशीलला त्या गाडीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"भाऊ, दूध काय, कोन बी इकतंय," विजयसिंह मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाला. "तुमी ब्रँड व्हा. ह्यो बगा बादशहा. मुऱ्हा जातीचा रेडा. प्रदर्शनात मानसं रांग लावून फोटो काडत्यात. ह्यो तुमच्या दारात बांदला, की अख्ख्या कोल्हापुरात एकच नाव, धैर्यशीलभाऊ!"

"आन बदल्यात?"

"त्या दोन दुभत्या आन ती गाभण पहिलारू. म्हातारी तुमाला ठिवा."

म्हातारी म्हणजे मी. माझ्या तिन्ही लेकी द्यायच्या आणि बदल्यात एक फोटो काढायचा रेडा आणायचा! अनुजा बादली खाली ठेवून पुढं आली. "अवो, आत्यांस्नी इचारल्याबिगर? त्या म्हशी त्यांच्या हायत. आन चिमी इवायला आलीया."

"तुला काय कळतंय?" धैर्यशील म्हणाला. "शेणात जन्म काडायचा हाय तुला. मला न्हाय."

माणसानं आपण ज्यावर वाढलो त्याला असं म्हणावं? दोन दिवसांनी सकाळी अनुजा घरोघरी रतीब घालायला गेली होती. तेवढ्यात टेंपो आला. भिंगरी चढेना, तिची शेपूट पिरगळली. हरणी मागं वळून हंबरत राहिली. दोघी गेल्या. त्यांच्या जागी बादशहा उतरला. चिमीला मात्र त्या दिवशी नेलं नाही. का म्हणाल, तर पाडव्याच्या मिरवणुकीत म्हशींची रांग लहान दिसू नये म्हणून! "संध्याकाळी मिरवणूक झाली की न्ह्या," असं धैर्यशीलनं सांगितलं. दिखाव्याच्या हौसेपायी माझी लेक काही दिवस जास्त राहिली, आणि याचंही त्याला श्रेय द्यायची माझी इच्छा नाही.

अनुजा परत आली. रिकामी दावण बघितली. मग कुणाला न सांगता तिनं चंदगडला फोन लावला. "आत्या, या," एवढंच तिला बोलता आलं, पण प्रीती बाळंत होईपर्यंत शालूबाईला निघता येईना.

बादशहाबद्दल चार शब्द. बिचाऱ्याचा दोष नाही. डोंगरासारखं धूड, मोहरीचं तेल चोपडून काळंभोर केलेलं. त्याला तूप लागे, सफरचंदं लागत, धरायला दोन माणसं लागत. ट्रकमधून मंडपात आणि मंडपातून ट्रकमध्ये, एवढंच त्याचं आयुष्य. तूप खाऊन तो असा सुस्त झाला होता की आजूबाजूच्या गवळ्यांनी फळवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, आणलेल्या म्हशींकडं त्यानं मानसुद्धा वळवली नाही. दूध नाही, रेडकू नाही, नांगर नाही. नुसतं उभं राहणं. पण रस्त्यावरचे लोक थांबायचे, फोटो काढायचे, "काय जनावर हाय भाऊ!" म्हणायचे. धैर्यशील मग त्याच्या खांद्यावर हात टाकून हसायचा. ते हसणं बघून मी गव्हाणीत तोंड घालायची.

आता ती मिरवणूक. मित्रांनो, आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटवायची रीत आहे. पूर्वी कृष्णात मालक आम्हाला पंचगंगेत धुवायचे, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, बास. मग ते पुढं पळायचे, हाक द्यायचे आणि आम्ही मागं पळायचो. म्हैस मालकाला ओळखते, हेच त्यात दाखवायचं असतं. हल्ली मालक पळत नाहीत. मोटारसायकलचा सायलेन्सर काढतात, फाटफाट आवाज करतात आणि आम्ही त्या धुरामागं पळायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी एक माणूस यंत्र घेऊन आला. माझ्या अंगावरचे केस कापून त्यानं एका कुशीवर 'धैर्यशीलभाऊ' कोरलं आणि दुसऱ्या कुशीवर 'ब्रँड'. चिमीच्या फुगलेल्या पोटावर 'नाद खुळा'. आतलं रेडकू ढुशा देत होतं आणि वर ती अक्षरं हलत होती. लोकांना गंमत वाटली. मग शिंगांना घरं रंगवायचा तेलरंग, आणि सगळ्यांवर ती चमकी. ती डोळ्यांत गेली, नाकात गेली. शी! ज्या अंगावरून शालूबाईचा हात फिरायचा, त्या अंगावर हा उकिरडा! इतकी घाण मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि मी जन्म शेणात काढलाय.

पाडव्याला दुपारी निघालो. पुढं धैर्यशीलची फाटफाटणारी गाडी, मागं मी, माझ्या मागं चिमी आणि शेवटी दोरखंडांनी बांधलेला बादशहा. बाजूला फटाक्यांच्या माळा आणि कानठळ्या बसवणारा बाजा. चिमी माझ्याशिवाय कुणाच्या मागं जात नाही, हे धैर्यशीलला ठाऊक होतं. म्हणून तर मला म्हातारीला पुढं घातलं होतं. मी पळाले तर ती पळणार. तिचे पाय रंगानं आणि तेलानं बरबटलेल्या रस्त्यावर घसरत होते. एकदा ती गुडघ्यावर आली. पोट जमिनीला टेकता टेकता राहिलं. धैर्यशीलनं मागं वळून बघितलं आणि गाडीचा आवाज आणखी वाढवला. समोर कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं ना!

माझं डोकंच फिरलं. आता पुढं काय होणार ते मला दिसत होतं. आणखी एक घसरण, आणि पोटातलं रेडकू गेलं असतं, कदाचित चिमीही. मी काय करणार? मला बोलता येत नाही, शिंगं मारावीत तर समोर मी वाढवलेला पोरगा. मग मी म्हशीला जमतं ते केलं. भर रस्त्यात बसले. अशी फतकल मारून बसले, की बाजा थांबला. चिमी माझ्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

धैर्यशील गाडीवरून उतरला. हाका मारल्या, दावं ओढलं. मी हलले नाही. मग काठी आली. एक बसली, दुसरी बसली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, ब्रँड बसला की वो!" आणि सगळा रस्ता हसला. धैर्यशीलचं तोंड लालबुंद झालं. तिसरी काठी उगारली तेव्हा अनुजा गर्दीतून घुसली आणि काठी धरून लोंबकळली. "तिला न्हाय, मला मारा!" ती ओरडली.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. चंदगडच्या एस.टी.तून उतरून शालूबाई घरी गेली होती, दावण बघितली होती आणि आवाजाच्या दिशेनं चालत आली होती. हातात पिशवी तशीच. तिनं माझ्या कुशीवरचं नाव बघितलं. चिमीच्या पोटावरची अक्षरं बघितली. धैर्यशीलकडं मात्र बघितलं नाही. पदर तोंडातल्या थुंकीनं ओला केला आणि माझ्या डोळ्यांतली चमकी टिपली.

"मैने, ऊठ बाय," ती म्हणाली. "घरला जाऊया."

मी उठले. ती पुढं, मी मागं, चिमी माझ्या मागं. ना गाडी, ना बाजा. गर्दीतला एकही माणूस हसला नाही. म्हैस मालकाला ओळखते, हे त्या दिवशी सगळ्यांनी नीट बघितलं.

गोठ्यात आल्यावर तिनं रिकाम्या खुंट्यांवर हात ठेवला. "भिंगरी कुटं हाय? हरणी कुटं हाय?" धैर्यशील मागोमाग आला होता. त्यानं बादशहाकडं बोट दाखवलं आणि ब्रँड, प्रदर्शन, नाव असलं काहीबाही सांगू लागला. शालूबाई खाली बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

संध्याकाळी विजयसिंह टेंपो घेऊन आला. चिमीला न्यायला. शालूबाई चिमीचं दावं हाताला गुंडाळून उभी राहिली.

"मावशी, शब्द झालाय," विजयसिंह म्हणाला.

"शब्द त्येनं दिला. दावं माज्या हातात हाय. म्हस माजी हाय."

"मग सौदा मोडला म्हनायचा."

"मोडला की. ह्यो तुजा रेडा घिऊन जा आन माज्या दोन म्हशी आनून बांद."

आणि मग मी ते बघितलं, जे धैर्यशीलनंही बघितलं. विजयसिंह एक पाऊल मागं सरला. बादशहाला परत न्यायच्या नुसत्या कल्पनेनं त्याच्या कपाळावर घाम आला. "म्हशी तर फुडं इकल्या मावशी, लांब गेल्या. आन रेडा... ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. एका पहिलारूसाठी कशाला तंटा?" एवढं म्हणून तो गाडीत बसला आणि गेला. तुमच्या लक्षात आलं का? ज्याचे एवढे फोटो, एवढं कौतुक, तो रेडा त्याचा मालक फुकटसुद्धा परत न्यायला तयार नव्हता! पोसून पोसून तो टेकीला आला होता. धैर्यशील खुंटीला टेकून उभा होता. मला वाटतं, त्याला तेव्हा कळलं. पण तोंडावर काही दाखवलं नाही; दाखवायची एवढी सवय, तरी त्या दिवशी काय दाखवायचं तेच त्याला सुचलं नाही.

शालूबाईनं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आकारामदाजींना आणि भावकीतल्या दोघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हणाली, "वाटनी करूया. ह्यो रेडा धैर्यशीलचा. रस्त्याकडची फुडची जागा बी त्येचीच. त्येला दिसायचं हाय, तर दिसू द्या. मागलं पडकं आन ह्या दोन म्हशी माज्या. वैरणीचं रान माजं हाय, त्येचं मी मेल्यावर बगू." आकारामदाजी म्हणाले, "शालू, पोरगा हाय." ती म्हणाली, "म्हनून तर फुडची जागा दिली, दाजी."

अनुजा आपली बादली उचलून मागच्या बाजूला, सासूकडं आली.

पुढचं काय सांगू? बादशहा पुढं उभा राहिला आणि खात राहिला. शुभेच्छुक मंडळी फोटो काढायला यायची. धैर्यशीलनं एकदा त्यांना वैरणीचा भारा उचलायला सांगितला, त्यानंतर कुणी फिरकलं नाही. एका प्रदर्शनात त्याला प्लॅस्टिकची ढाल मिळाली. रेड्याच्या पेंडीपायी मोटारसायकल विकली, मग मोबाइल विकला. ते घाण वासाचे फलक त्यानं पावसात रेड्याच्या अंगावर टाकले, आणि स्वतःचाच हसरा चेहरा त्या काळ्या पाठीवर चिखलात लोळताना मी रोज बघायची. ओंगळ, मित्रांनो, ओंगळ! सकाळी तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पिशवीचं दूध आणायचा. गवळ्याचा मुलगा! पिशवी शर्टाखाली लपवून!

चिमी व्याली. वगार झाली. माझ्या कुशीवरचे केस हळूहळू भरून आले.

परवा संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर होतो. शालूबाई चिमीची धार काढत होती, अनुजा पेले देत होती. मी आता आटलेय, पण मला सोबतीला आणतात. रांगेत एक माणूस येऊन उभा राहिला. वाळलेला, दाढी वाढलेली, गळा मोकळा. धैर्यशील होता. त्याचा नंबर आला. अनुजाचा हात थांबला. शालूबाईनं वर बघितलं, पेला घेतला, थेट सडाखाली धरला आणि फेस वर येईपर्यंत भरला. कुणालाही भरते तसाच, ना थेंब कमी ना जास्त. तो उभ्याउभ्या दूध प्यायला. मिशीला फेस लागला होता. पेला परत देताना तो म्हणाला, "आई..."

कोल्हापुरात अनोळखी माणसाला जी हाक मारतात, ती हाक शालूबाईनं मारली. "पावणं, सुट्टं हाय का?" ती म्हणाली आणि पुढच्याचा पेला घेतला.

त्यानं खिशात हात घातला. सुट्टे होते. दिले आणि गेला. शालूबाईची धार पेल्याबाहेर जात होती. एवढी वर्षं झाली, तिच्या हातून दूध सांडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मित्रांनो, म्हैस काय मागणार तुमच्याकडं? एवढंच मागते. तुमच्या घरात कुणीतरी असेल, ज्याच्या अंगाला कामाचा वास येतो. चारचौघांत त्याच्यापासून लांब उभं राहू नका. जाऊन जवळ उभं राहा, आणि नाक धरायचंच झालं तर अत्तरवाल्यासमोर धरा.